शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, मग चढावी कुणी?

संत्रानगरी
नागपुरात सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात दावा टाकायचा म्हटलं की आधी ही म्हण ऐकवतात, मग वकिलांना शिव्या. माझ्या मते शिव्या रास्त आहेत, कारण मात्र चुकीचं देतात: ‘गुन्हेगारालाही वाचवतात.’ गुन्हेगाराचं वकीलपत्र घेण्यात काही वावगं नाही. वावगं आहे ते हरणारा दावा नुसता लांबवायची फी घेण्यात. कैफियत, म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर, ३० दिवसांत, फार तर ९० दिवसांत यायला हवी; सुनावणीत एका पक्षाला तीनच तहकुब्या, म्हणजे तीनदाच तारीख पुढे ढकलून मिळते. हे सगळं दिवाणी प्रक्रिया संहितेत आहे. आता कुठल्याही जुन्या दाव्याचा रोजनामा, म्हणजे तारखावार नोंद, काढा: ‘मुदतीचा अर्ज, खर्चासह मंजूर’. खर्च म्हणजे काही शे रुपये!

धंतोलीकर
मग दोष वकिलाचा की त्या काही शे रुपयांचा? जाणूनबुजून खोटा दावा किंवा खोटा बचाव केल्याबद्दल कलम ३५अ खाली मिळणारी भरपाई आजही ३,००० रुपयांच्या वर जात नाही (व्यापारी दावे सोडून). नंदनवनमधल्या एका खोलीच्या महिन्याच्या भाड्यातसुद्धा बसेल एवढी. दुसऱ्याच्या जागेचा ताबा धरून बसलेला माणूस तारखा मागणारच.

कळमना_यार्ड
दावे वाईट म्हणणाऱ्यांनी चेकचं प्रकरण बघावं. दिल्लीच्या व्यापाऱ्याने संत्र्याच्या गाडीपोटी दिलेला चेक परत आला. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, ती मिळाल्यापासून त्याला १५ दिवस, त्यानंतर महिनाभरात फिर्याद. नोटिशीत चेकचीच रक्कम मागायची. व्याज आणि वकिलाची फी मिसळून एकच आकडा टाकला की नोटीस बाद. घाईने १५ दिवस भरायच्या आत फिर्याद टाकली तर ती टिकत नाही. आणि २०१५ च्या दुरुस्तीपासून चेक ज्या खात्यात भरला त्या शाखेच्या गावी केस चालते, म्हणजे खातं नागपूरचं असेल तर तो दिल्लीवाला इथे येणार. हे अडत्याला कोण सांगणार? वकीलच ना?

संत्रानगरी
येणार, समन्स बजावलं गेलं तर! पत्ता जुना, पाकीट परत, पुढची पेशी दोन महिन्यांनी. २०१८ पासून चेकच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई देता येते खरी, पण ती आरोपीने गुन्हा नाकबूल केल्यावर, आणि कोर्टाला वाटलं तर. तो हजरच झाला नाही तोवर ते २० टक्के कागदावर.

तर्री_कमी
लोक अदालतीत मिटवा ना भाऊ. कोर्ट फी परत, निवाड्याला हुकूमनाम्याचं, म्हणजे कोर्टाच्या निकालाचं, बळ आणि त्यावर अपील नाही. बाईमाणसाला, अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला वकीलही फुकट मिळतो, उत्पन्न विचारत नाहीत.

धंतोलीकर
अपील नाही म्हणूनच जपून. दहा लाखांचं येणं सहा लाखांत सोडायचं, कारण पुढची दहा वर्षं दिसतात. ही तडजोड की थकवा? आणि दाव्यालाच वाईट म्हणणाऱ्यांनी १३ ऑगस्ट २००४ आठवावा. कस्तुरबानगर वस्तीच्या जमावाने कायदा हातात घेऊन गुंड अक्कू यादवला याच शहरात, न्यायालयातच ठार केलं होतं.

संत्रानगरी
ते उदाहरण तुमच्या बाजूचं नाही. लोकांचा कोर्टावर भरवसा उरला असता तर ती वेळच आली नसती.

पेशी_टू_पेशी
दोघंही फीच्या मुळाशी जात नाही. निकालावर अवलंबून फी ठरवायला किंवा मिळकतीत वाटा घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांनी बंदी आहे. बंदी योग्यच, नाहीतर अशिलाच्या प्लॉटमध्ये वकीलच भागीदार. पण मग उरते ती दर पेशीची फी, आणि तिथे जितक्या तारखा तितकी कमाई. उपाय सोपा आहे, पण कुणी मागत नाही: वकीलपत्रावर सही करतानाच टप्प्यांची फी लिहून घ्या. दावा दाखल, मुद्दे निघणे, पुरावा, युक्तिवाद, असे चार हप्ते. पुरावा सुरूच झाला नाही तर तो हप्ता नाही. आणि प्रतिवादी वारला तर वारस ९० दिवसांत लावायचे काम कुणाचं, तेही लिहा. त्या तारखेत चुकलं की त्याच्यापुरता दावा आपोआप संपतो, मग तो पुन्हा उभा करायचे अर्ज वेगळे, त्यांच्या पेशा वेगळ्या.

धंतोलीकर
पटलं. पण दिवाणी अपिलात तहकुब्या घेणाऱ्यालाही हा करार बांधेल का? तो तर समोरच्याचा वकील.

कळमना_यार्ड
आणि दरखास्त, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज, कुठल्या हप्त्यात धरायची? हुकूमनामा हातात आल्यावर अंमलबजावणीला १२ वर्षांची मुदत आहे. सहा महिन्यांत निकाली काढा असं सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये सांगितलंय, पण ताबा घ्यायला गेलेल्या बेलिफाला, म्हणजे कोर्टाच्या माणसाला, गेटवर कुलूप दिसलं की कुलूप तोडायच्या परवानगीचा अर्ज येतो. त्याची फी वेगळी सांगतात.