मदत हवी आहे: जी-रननंतर ऱ्हिदमवर परतताना स्ट्रम मागे पडतो

ब्लूग्रासची (अमेरिकन लोकसंगीताचा एक प्रकार) ऱ्हिदम गिटार शिकतोय. बेस नोट, स्ट्रम, बेस नोट, स्ट्रम हा ठेका जी-सी-डी कॉर्ड्सवर बसलाय (स्ट्रम म्हणजे सगळ्या तारांवरून एकदम पिक फिरवणं). अडतंय ते ब्लूग्रास गिटारिस्ट लेस्टर फ्लॅटच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जी-रनपाशी, म्हणजे जी स्वरावर संपणाऱ्या छोट्या सुरावटीपाशी. मी असा वाजवतो: सहाव्या तारेचा तिसरा फ्रेट, पाचवी मोकळी, तिच्याच पहिल्यावरून दुसऱ्या फ्रेटवर हॅमर-ऑन (पिक न मारता डाव्या हाताचं बोट आपटून काढलेला स्वर), चौथी मोकळी, तिचा दुसरा फ्रेट, शेवटी तिसरी मोकळी. सुटा वाजवला की स्वच्छ. पण गाण्यात मिनिटाला १२० ठोक्यांच्या पुढे शेवटचा जी समेवर येतो आणि त्यानंतरचा स्ट्रम उशिरा पडतो.

मेट्रोनोमचा ठोका फक्त २ आणि ४ वर ठेवून पाहिला. पातळ पिक घेतलं तर बेस फुसका होतो, त्यामुळे जाडच ठेवलंय. गिटार ड्रेडनॉट (मोठ्या आकाराची), अ‍ॅक्शन म्हणजे तारांची उंची ठीक आहे (दाखवून आणलीय). नाशकात विचारलेले सगळे शिक्षक सिनेमाची गाणी नाहीतर फिंगरस्टाइल शिकवतात, मँडोलिन-बँजोवाली सोबत तर विसराच. त्यामुळे ‘क्लास लावा’ सोडून सांगा.

हॅमर-ऑनच्या वेळी उजवा हात तारेला न लागता वर-खाली चालूच ठेवायचा, की थांबून पुढचा स्वर डाउन स्ट्रोकनेच घ्यायचा? आणि शेवटच्या जीनंतर लगेच पूर्ण स्ट्रम मारता की तो बीट सोडून देता?