मदत हवी आहे: पावसाळ्यात वेळापत्रक मोडतं तेव्हा विशेष मुलांना 'बदल' कसा शिकवावा?

नमस्कार मंडळी,

दापोली तालुक्यात समुद्रालगतच्या एका शाळेच्या संसाधन कक्षात मी विशेष शिक्षिका आहे. वर्गात सहा मुलं. दोघं स्वमग्न, एकाला सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हातापायांच्या हालचालींवर ताबा कमी), तिघांना बौद्धिक अक्षमता आणि त्यातल्या एकीला दिसतंही कमी. वयं सात ते सोळा. १५ जूनला शाळा उघडेल. त्याआधी वर्षभराचा आराखडा आणि प्रत्येकाचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा लिहायला बसले आहे आणि काही ठिकाणी अडले आहे. इथे विशेष शिक्षक, थेरपिस्ट आणि या वाटेवरून गेलेले पालक बरेच आहेत, म्हणून धागा काढते आहे.

आधी सध्या काय चालू आहे ते सांगते, म्हणजे उत्तर देणं सोपं जाईल.

नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात एरिक शॉपलर यांनी स्वमग्न मुलांसाठी उभी केलेली 'टीच' पद्धत आमच्यापैकी अनेकांनी बीएडला वाचली असेल. गेल्या वर्षी ती मी नेटाने वर्गात आणली. प्रत्येकाची बसायची जागा ठरलेली, डावीकडे कामाच्या टोपल्या, उजवीकडे 'झालं'ची टोपली. डावीकडचं संपलं की काम संपलं. किती उरलंय हे मुलाला डोळ्यांनी दिसतं, विचारावं लागत नाही. भिंतीवर दिवसाचं वेळापत्रक. ज्यांना चित्र कळतं त्यांना चित्रकार्डं, ज्यांना अजून कळत नाही त्यांना प्रत्यक्ष वस्तू: डबा खायच्या वेळेसाठी चमचा, खेळासाठी छोटा चेंडू, कामासाठी काथ्याच्या दोरीचा तुकडा. कमी दिसणाऱ्या मुलीला याच वस्तू हाताने कळतात, तिचा फार फायदा झाला.

सामान इथलंच वापरते. करवंट्या लहान-मोठ्या लावणं, शिंपले जोडी लावून ठेवणं, काथ्या पिंजणं. (शिंपले उकळून, कडा घासून मगच द्या. आणि कच्ची काजू बी वर्गात आणूच नका. टरफलातल्या तेलाने कातडी भाजते आणि आमच्याकडे दोघंजण हाताला येईल ते तोंडात घालतात.)

आता अडचण. कोकणातला पाऊस तुम्हाला माहीत आहे. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, त्यातला बराचसा जून-जुलैत. लॅमिनेशन केलेली कार्डं कडेने सुटतात, आत बुरशी धरते, वेलक्रोचा गोंद ओल धरून निघतो. यावर तोडगा मिळाला आहे, कुणाला उपयोगी पडेल म्हणून लिहिते. फ्लेक्स छापणाऱ्याकडून उरलेल्या तुकड्यांवर चित्रं छापून घेतली आणि भिंतीवर दोरी बांधून प्लॅस्टिकच्या चिमट्यांनी लावली. चिमटा दाबताना बोटांचा व्यायाम होतो तो वेगळाच.

कार्डं टिकली, पण दिवस टिकत नाही. मैदानात तळं साचतं, खेळ रद्द. वीज जाते. रेड अलर्ट आला की शाळा लवकर सुटते किंवा भरतच नाही. लावणीच्या दिवसांत निम्मी मुलं घरी. ज्या मुलांना मी वर्षभर "भिंतीवर आहे तसंच घडतं" हा भरवसा दिला, त्यांच्यासाठी भिंत खोटी पडते.

माझी नऊ वर्षांची एक विद्यार्थिनी आहे, बोलत नाही. खेळाच्या वेळी दोरीवरून चेंडू काढून घेते आणि दाराशी जाऊन उभी राहते. बाहेर धो धो पाऊस. ती कडी ओढते, माझ्याकडे बघते, चेंडू माझ्या हातात देते, परत घेते, परत कडी ओढते. मग मनगट चावायला लागते. तिचं काहीच चुकत नसतं. तिने वेळापत्रक बरोबर वाचलेलं असतं.

म्हणून 'बदल' नावाचं पिवळं कार्ड केलं. सुरुवातीला मुद्दाम तिला हवेसे बदल केले. लिहिण्याच्या जागी 'बदल' आणि त्यापुढे झोपाळा. कार्ड पिवळं दिसलं की काहीतरी बरं होतं, हे तिच्या मनात बसू दिलं. मग ना आवडीचे ना नावडीचे बदल. शेवटी नको असलेले, पण त्यांच्या मागोमाग आवडीचं काहीतरी ठेवून. सकाळीच सांगितलेला बदल ती आता घेते. पण ऐन वेळेचा बदल, वीज जाऊन पंखा बंद, अंधार, त्यात पत्र्यावर पावसाचा आवाज, इथे कार्ड पुरत नाही. ती कानावर हात ठेवून टेबलाखाली जाते. कारखान्यात वापरतात तसे कान झाकायचे हेडफोन आणले, पण दमट हवेत घाम येतो आणि ती ते काढून टाकते.

तर पहिला प्रश्न असा: आगाऊ सूचना देता येत नाही असे बदल कुणी शिकवले आहेत का? माझ्या मनात आहे की कोरड्या दिवशी, मुलं शांत असताना, दिवे-पंखे मीच बंद करून "वीज गेली"चा सराव घ्यायचा. आधी पाच सेकंद, मग वाढवत न्यायचं, टॉर्च तिच्या हातात द्यायचा. हे योग्य आहे की याने भीती वाढेल? ज्यांनी केलंय त्यांचं ऐकायचं आहे. ऑक्युपेशनल थेरपिस्टांनी (रोजची कामं आणि स्पर्श-आवाजाचा त्रास यांवर काम करणाऱ्यांनी) कानाच्या हेडफोनवरही सुचवावं.

दुसरा प्रश्न गणपतीचा. गेल्या वर्षी चतुर्थी २७ ऑगस्टला होती, यंदा अधिक मासामुळे १४ सप्टेंबरला. म्हणजे तयारीला अख्खा ऑगस्ट हाताशी आहे. घरात चाकरमानी येतात, तीन माणसांच्या घरात पंधरा होतात, आरत्या, झांजा, फटाके, झोपायची जागा बदलते. सुट्टीनंतर ही मुलं वर्गात येतात तेव्हा बसायची सवयही पुन्हा लावावी लागते. कॅरल ग्रे यांच्या 'सोशल स्टोरी'च्या (येणारा प्रसंग मुलाला आधीच सोप्या वाक्यांत सांगणारी गोष्ट) धर्तीवर घरच्याच फोटोंची छोटी वही करायचं ठरवलंय: गणपती येतो, काका-काकू येतात, आरती होते, माझी जागा माळ्यावर आहे, गणपती जातो, काका-काकू जातात. 'जातात' हे पान मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आरतीचं रेकॉर्डिंग बारीक आवाजात ऑगस्टपासूनच वर्गात लावायचं. पालकांनी सांगा, अशा वेळी घरात तुम्ही नेमकं काय केलंत? पाहुण्यांना कसं समजावलंत? "जरा आरतीला उभं करा, सवय होईल" म्हणणाऱ्या आजी-आजोबांचं मन न दुखवता काय बोलता येतं, हे मला पालकांच्या सभेत सांगायचं आहे.

तिसरा विषय सोळा वर्षांच्या मुलाचा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे त्याला मोफत शिक्षणाचा हक्क अठराव्या वर्षापर्यंत आहे, म्हणजे माझ्या हातात दोन वर्षं. घर मच्छीमारांचं. १ जूनपासून जुलैअखेर यांत्रिक बोटी बंद असतात, बोटी वर ओढलेल्या, शेडखाली जाळ्यांची दुरुस्ती चालते. त्याच्या काकांशी बोलून ठरवलं आहे की जाळं विणायच्या सुईत दोरा भरून देणं हे काम त्याला शिकवायचं. ते सतत लागतं, ते केलं की बाकीच्यांचा वेळ वाचतो आणि तो त्यांच्यात बसतो. पायऱ्या पाडल्या आहेत: मधल्या जिभेला (सुईच्या पोकळीतल्या दांडीला) दोरा अडकवायचा, खालच्या खाचेतून ओढून घ्यायचा, सुई उलटी करायची, पुन्हा जिभेला. शेवटून सुरुवात करणार आहे. सगळी सुई काका भरतील, शेवटचा वेढा त्याचा. मग शेवटचे दोन.

पण त्याची डावी मूठ उघडत नाही. सुई टेबलाला शिकंज्यात धरली तर ती उलटी करता येत नाही आणि प्रत्येक वेढ्याला ती उलटावी लागते. एका हाताने सुई फिरवता येईल असा काही स्टँड किंवा खुंटीवरचा चिमटा कुणी केला असेल, किंवा एका हाताने काम करणाऱ्या माणसाकडे पाहिला असेल, तर माप आणि फोटो टाका. सुतार आमच्या वाडीतच आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत माप मिळालं तर बोटी पाण्यात जायच्या आत त्याचे निदान सहा-सात आठवडे काकांबरोबर बसून होतील.