शॅडो टीचरची खुर्ची मुलाला चिकटून नको

पाटीपेन्सिल (विशेष शिक्षिका, गंगापूर रोड)

जूनसाठी शॅडो टीचर (विशेष गरजा असलेल्या मुलासोबत वर्गात बसणारी मदतनीस) शोधायची पालकांची धावपळ सुरू झाली आहे. सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, "दिवसभर त्याच्याजवळ बसेल ना?" माझं स्पष्ट मत आहे की दिवसभर जवळ बसणारी नको.

खुर्ची मुलाच्या मागे, थोडी तिरपी, दीड-दोन हातांवर ठेवावी. म्हणजे मूल आणि वर्गशिक्षिका यांच्या मधे कुणी येत नाही. शेजारी बसलं की मुलाची मान फळ्याऐवजी शॅडोकडे वळते, आणि वर्गशिक्षिकाही "याला सांगा हो" म्हणून तिच्याशीच बोलायला लागतात. महिनाभरात एका वर्गात दोन वर्ग भरतात.

शिक्षिका म्हणाल्या, "वही काढा." शॅडोने मनात 5 ते 10 आकडे मोजायचे. काही हालचाल नाही, तर शेजारच्या मुलाच्या उघड्या वहीकडे बोट दाखवायचं. तरीही नाही, तर मागून मुलाचा हात दप्तरापर्यंत न्यायचा. "अरे, वही काढ ना" हे शक्यतो बोलायचंच नाही. तोंडी मदत द्यायला सगळ्यात सोपी आणि सोडवायला सगळ्यात चिवट. बोट कमी करता येतं: आधी पूर्ण हात, मग बोट, मग नुसती नजर. आवाज तसा कमी होत नाही. मूल शिक्षिकेचं वाक्य सोडून देतं आणि त्या दुसऱ्या आवाजाची वाट बघत बसतं.

इंग्लंडमध्ये पीटर ब्लॅचफर्ड यांच्या गटाने 2003 पासून काही वर्षं वर्गातल्या मदतनीसांचा मोठा अभ्यास केला. ज्यांना मदत जास्त, त्या मुलांची प्रगती तशाच इतर मुलांपेक्षा कमी निघाली.

इंदिरानगरची आई

असहमत. तो अभ्यास अर्धाच सांगितलात, ताई. त्याच गटाचं म्हणणं होतं की दोष मदतनीसांचा नाही, त्यांना वापरण्याच्या पद्धतीचा आहे. तयारीला वेळ नाही, आज काय शिकवणार ते आधी ठाऊक नाही, आणि मूल शिक्षकाऐवजी त्यांच्यावर सोपवलेलं. यावरून अंतर वाढवा असं निघत नाही.

दार उघडं दिसलं की पळणाऱ्या मुलाला दोन हातांचं अंतर जास्त आहे. तिथे शॅडो दार आणि मूल यांच्या मधेच हवी. फिट येणाऱ्या मुलाच्या बाबतीतही तेच. फिट आली की घड्याळ बघायचं, कुशीवर वळवायचं, टाय सैल करायचा, तोंडात चमचा किंवा बोट घालायचं नाही. कांदा, चप्पल काहीही हुंगवायचं नाही, आपल्याकडे अजून सर्रास हुंगवतात. 5 मिनिटांपुढे गेली तर 108. हे सगळं करणारा माणूस हाताच्या अंतरावरच असावा लागतो.

पाटीपेन्सिल

पळणं आणि फिट, दोन्ही मान्य. ते सुरक्षेचं काम झालं. पण त्याच मुलाच्या गणिताच्या तासालाही शॅडो चिकटलेली असते, त्याला काय कारण? अंतर मुलावरून ठरवू नका, तासावरून ठरवा. मैदानात आणि जिन्यावर एक हात, वर्गात दोन हात, चित्रकलेला मागची भिंत.

सातपूरकर (ऑक्युपेशनल थेरपिस्ट)

खुर्चीवर वाद चाललाय, पण जिथे खरी चूक होते ती जागा राहिली. नोंद.

शॅडोच्या वहीत बहुतेक वेळा "आज चिडला", "आज छान होता" एवढंच असतं. त्यातून काही कळत नाही. तीन रकाने करा: आधी काय घडलं, मुलाने काय केलं, त्यानंतर त्याला काय मिळालं. उदाहरणार्थ: 11.10, हातच्याची वजाबाकी फळ्यावर / वही फाडली / बाहेर व्हरांड्यात नेलं. अशा चार नोंदी एकाखाली एक आल्या की दिसतं, वही फाडली की वजाबाकी टळते. हे मुलाला आपणच शिकवलेलं असतं.

उपाय असा. बाकावर "थांबू या" असं चित्रकार्ड चिकटवा. मुलाने ते हातात दिलं की लगेच 2 मिनिटं सुट्टी, आणि परत येऊन तीच वजाबाकी. दहा गणितांऐवजी तीन द्या, पण तीच. पहिले काही दिवस, वही फाडायच्या आधीच, कार्ड द्यायला मागून हात धरून मदत करावी लागते. इथे दोन चुका होतात. एक, कार्ड दिल्यावर "आत्ता नाही, नंतर" म्हणणं. मग मूल पुन्हा वही फाडण्याकडे वळतं. दुसरी, सुट्टीत मोबाइल देणं. मग ते परत येत नाही.

दिनक्रमाची कार्डंही बघा, म्हणजे दिवसात कशानंतर काय ते दाखवणारी चित्रं. अंदाजे 5 सेंटीमीटर चौरस, लॅमिनेट केलेली, पट्टीवर एका वेळी चार-पाचच. वेल्क्रोची मऊ बाजू पट्टीला, खरखरीत कार्डाला, आणि हीच पद्धत घरी आणि थेरपीत ठेवा, नाहीतर घरचं कार्ड शाळेत चिकटत नाही. कार्टून नको, त्याच्या स्वतःच्या डब्याचा फोटो हवा. आणि "आज बदल" असं एक कार्ड हवंच. गणपतीच्या आधी गंगापूर रोडच्या बाजूला ढोल पथकांचा सराव सुरू होतो, शाळेतही मिरवणूक निघते. कानांवर लावायचे मफ त्या दिवशी पहिल्यांदा काढले तर मूल ते फेकून देणार. आठवडाभर आधीपासून घरी रोज 5-5 मिनिटं लावायची सवय करा.

वकीलकट्टा, नाशिकरोड

मुळात पालकांनी शोधायची का? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चं कलम 16 वाचा. सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या संस्थांनी भेदभाव न करता प्रवेश द्यावा, मुलाच्या गरजेनुसार सोयी कराव्यात आणि लागेल तो आधार पुरवावा, असं त्यात आहे. "माणूस आणा, तर प्रवेश" ही अट या कलमात कुठे बसते, हे शाळेकडून लेखी मागा. तोंडी उत्तर घेऊन येऊ नका.

विशेष शिक्षकांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये प्राथमिकला 10 मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांना 15 मुलांमागे एक हे प्रमाण सांगितलं आहे. विशेष शिक्षक आणि शॅडो ही दोन वेगळी कामं आहेत. मुलाला काय आणि कसं शिकवायचं याचा आराखडा पहिल्याने करायचा, दुसऱ्याने तो वर्गात चालवायचा.

इंदिरानगरची आई

लेखी मागा हे बरोबर. पण 15 जूनला मूल वर्गात बसायला हवं, आणि उत्तर दिवाळीपर्यंत येत नाही. तोवर पालक पगार देतात. त्यातही मे महिन्याचा बहुतेक जण देत नाहीत, मग जूनला ती बाई दुसरीकडे गेलेली असते आणि मूल नव्या माणसाशी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतं. बारा महिन्यांचा पगार ठरवा. आणि रोज सुटताना 10 मिनिटं वर्गशिक्षिकेसोबत, उद्याचं पान कोणतं ते बघायला. ही 10 मिनिटं मिळाली तर पाटीपेन्सिल ताईंची खुर्ची दोन हात मागे नेता येईल, त्याआधी नाही.

पाटीपेन्सिल

हे मी आधीच लिहायला हवं होतं. 10 मिनिटं आधी, खुर्ची नंतर.

मदत कमी करायची तर आधी ज्या तासात मूल सगळ्यात सुखी आहे, तो धरा. 10 सूचनांपैकी 8 सलग 3 दिवस आपणहून पाळल्या की त्या तासाला खुर्ची मागच्या भिंतीला. बाकी तास आहेत तसेच. एकदम सगळीकडे मागे सरकलात तर दुसऱ्या आठवड्यात पुन्हा शेजारी बसावं लागेल. आणि मधल्या सुट्टीत शॅडोने मुलाच्या डब्यात हात घालू नये. मोठं माणूस शेजारी असलं की बाकीची मुलं तिथे फिरकत नाहीत.

सातपूरकर

मधल्या सुट्टीत फक्त डब्याचं झाकण बघा. घट्ट झाकण उघडत नाही म्हणून अख्खी सुट्टी शॅडो शेजारी अडकून पडते. पकड कमजोर असेल तर क्लिपचा डबा द्या, पोळीचे चार तुकडे घरूनच करा. मग पहिले 5 मिनिटं व्हरांड्यातून नुसतं बघायचं.

इंदिरानगरची आई

व्हरांड्यातून चालेल. गेटच्या बाजूच्या व्हरांड्यातून.