फिशिंग कयाकला मोटर: ३० पाऊंड की ५५?

गळवाला:
नमस्कार मंडळी, माझ्याकडे १२ फुटी सिट-ऑन-टॉप (वर उघड्यावर बसायची) कयाक आहे, तलावात आणि अधूनमधून खाडीत गळ टाकायला जातो. जाताना वल्हवायचं काही वाटत नाही पण दुपारी समोरून वारं सुटलं की परतताना खांदे भरून येतात, आणि मासा लागतोय त्या जागेवर टिकून राहणं तर जमतच नाही, एका हातात रॉड, दुसऱ्यात वल्हं. म्हणून १२ व्होल्टची ट्रोलिंग मोटर (बॅटरीवर चालणारी छोटी बोटीची मोटर) बसवायची ठरवलीय. ३० पाऊंड थ्रस्टची (म्हणजे ढकलायच्या जोराची) घेऊ की ५५ ची घेऊन मोकळा होऊ? मागे लावू की बाजूला? आणि बॅटरी कुठली? वायरिंग घरीच करणार आहे.

संथपाणी:
३० पुष्कळ झाली. १२ फुटी कयाक ताशी ७-८ किमीच्या वर जायला लागली की स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते, मग कितीही ताकद लावा, मागचं टोक खाली बसतं आणि बॅटरी रिकामी होते, स्पीड काही वाढत नाही. ३० वाली फुल स्पीडला साधारण ३० अँपिअर ओढते, ५५ वाली ५० च्या घरात. म्हणजे ५० एएचची (अँपिअर-अवर, बॅटरीची क्षमता) बॅटरी ३० वर पावणेदोन तासाच्या आत संपेल, ५५ वर तासाभरात. पण तीच मोटर हळू चालवून करंट १० अँपिअरपर्यंत आणलात तर ५ तास जातात, आणि मासेमारीला तेवढीच चाल लागते.

घेताना पाच स्पीडवाली न घेता स्पीड सलग कमीजास्त करता येतो तशी घ्या, हळू चालवताना बॅटरी बरीच वाचते. जागेवर टिकायलाही तीच बरी, वाऱ्याकडे तोंड करून पंखा जेमतेम फिरता ठेवायचा.

उलटा_वारा:
तलावापुरतं बरोबर आहे पण हे खाडीतही जातात ना! ओहोटीचं पाणी समोरून येत असेल तर हातात राखीव जोर हवा, म्हणून मी ५५ म्हणेन, रोज अर्ध्यावर चालवा. फक्त एक बघा, ५० एएचच्या बऱ्याच लिथियम बॅटऱ्यांचं बीएमएस (आतलं संरक्षक सर्किट) ५० अँपिअरच्या वर गेलं की सप्लायच तोडतं. ऐन धारेत मोटर बंद पडली तर काय होईल सांगायला नको. ५५ घेतलीत तर १०० एएचच घ्या. आणि काहीही झालं तरी वल्हं घरी ठेवायचं नाही.

तळ_आणि_तोल:
पाऊंडांवर वाद चाललाय पण कयाकवर खरा प्रश्न वजनाचा असतो. १०० एएचची लेड-अॅसिड २५-३० किलो भरते आणि ती जपायची तर निम्मीच वापरायची. लिथियम आयर्न फॉस्फेट तेवढ्याच क्षमतेची ११-१३ किलोत बसते आणि जवळपास पूर्ण वापरता येते. मोटर मागे, बॅटरीही मागे आणि माणूसही मागे रेलून बसलेला, मग पुढचं टोक हवेत जातं आणि वारं त्याला हवं तिकडे ढकलतं. मोटर मागे असेल तर बॅटरी पायांच्या पुढे सरकवा.

काहीही विकत घ्यायच्या आधी एक करा. पाण्याचे कॅन भरा, लिटरला किलो धरून बॅटरीच्या आणि मोटरच्या वजनाचे, ते त्या-त्या जागी बांधा आणि सगळं सामान घेऊन काठाजवळ उथळ पाण्यात बसा. सीटखालच्या भोकांतून पाणी वर येऊन साचायला लागलं तर बॅटरीची जागा बदला, तरी येत असेल तर लहान बॅटरी घ्या.

बाजूला लावलेली मोटर हाताशी येते पण कयाक सतत एका अंगाला वळते आणि मासा खेळवताना तंगूस (गळाची दोरी) तिच्यातच अडकतं. मागे लावून सुकाणूसारख्या दोऱ्यांनी पायाने वळवा. माउंटला आतून पॅड द्या, नुसते स्क्रू प्लॅस्टिकमधून उपटून येतात.

गळवाला:
कॅनची युक्ती भारी आहे, रविवारी करून बघतो. खाडीत मी भरतीच्या वेळा बघूनच जातो त्यामुळे ३० कडेच कल आहे. फ्यूज किती अँपिअरचा?

तळ_आणि_तोल:
३० पाऊंडला ५० अँपिअरचा ब्रेकर, बॅटरीच्या पॉझिटिव्हला अगदी लागून, वीतभराच्या आत. लांब टाकलात तर मधल्या वायरला संरक्षणच राहत नाही. वायर कंपनीने सांगितलेल्या जाडीची, लांबी वाढली की जाडीही वाढवायची. लग (वायरच्या टोकाचं धातूचं कडं) नीट क्रिंप करून म्हणजे दाबून बसवून वर गोंदवाली हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी) चढवा, नुसती टेप खाऱ्या हवेत सुटते.

संथपाणी:
आणि किल स्विच (दोरी ओढली गेली की मोटर बंद करणारा) बसवाच, दोरी लाइफ जॅकेटला. तुम्ही पाण्यात पडलात आणि मोटर चालू राहिली तर कयाक निघून जाईल, पोहून गाठता येणार नाही. खाडीतून आल्यावर मोटर गोड्या पाण्याने धुवा, आणि पंखा काढून शाफ्टला तंगूस गुंडाळलंय का बघा. बाहेरून दिसत नाही पण ते सील कापतं आणि मग पाणी आत शिरतं. मोटर लावली की बऱ्याच ठिकाणी कयाक यांत्रिक बोट धरली जाते, नोंदणी लागते, काही तलावांवर मोटरला बंदीच असते, तेवढं आधी विचारून घ्या.