दिएन बिएन फू: बाबांना न्यायचंय, विमान की बस?

ठाणेकरीण: नोव्हेंबरात बाबांना घेऊन व्हिएतनामला जातेय. बाबा ७१ वर्षांचे, शाळेत इतिहास शिकवायचे. १९५४ ची दिएन बिएन फूची लढाई, व्हिएतनामी सैन्याने फ्रेंचांना हरवलं ती, ते फळ्यावर दरी काढून सांगायचे, त्यामुळे तिथे जायचंच आहे. हनोईहून कसं जावं? दोघांचं बजेट १५ हजार, वर एक रुपया नाही. बाबांचे गुडघे दुखतात.

सह्यभटक्या: विमान. तासाभरात पोचता. विमानतळही जुन्या फ्रेंच धावपट्टीच्याच जागी आहे. हालाँगची दोन दिवसांची क्रूझ पण कराच, आम्ही बाल्कनीवाली खोली घेतली होती.

रानवाट: आम्ही रात्रीच्या स्लीपर बसने गेलो. बर्थ आखूड, एसीचा झोत थेट डोक्यावर, घाटात आईला उलट्या. वडिलांना घेऊन नकोच.

मावळा_७७: गनिमी काव्याचा एवढा मोठा विजय दुसरा नाही. जरूर जा!

तोफखाना: गनिमी कावा नव्हे, हा वेढा होता. २२ वर्षं तोफांवर काढलीत म्हणून बोलतो. लाओसची वाट अडवायला फ्रेंच दरीत उतरले. त्यांचा हिशेब असा, की डोंगरावर जड तोफा चढणार नाहीत आणि रसद विमानाने येत राहील. व्हिएतनामी सेनापती जनरल जापच्या माणसांनी तोफा दोरांनी ओढून वर नेल्या. २६ जानेवारीचा हल्ला मात्र जापने ऐनवेळी रद्द केला, तोफा परत मागे ओढायला लावल्या! मग डोंगराच्या पोटात खोबणी खोदून त्या बसवल्या आणि १३ मार्चला मारा सुरू केला. मार्च सरेपर्यंत धावपट्टी निकामी, ७ मे रोजी ठाणं पडलं. ओढून नेलेली तोफ मागे घ्यायला सांगणं किती अवघड, ते तोफखान्यातल्या माणसाला विचारा.

मावळा_७७: पण दाणागोटा सायकलींवरून गेला ना? हँडलला बांबू बांधून, बाजूने चालत ढकलायची. २०० किलोंच्या वर ओझं. हे गनिमीच.

कोथरूडकर: विमानानेच जा. नाहीतर सायगावजवळची कू ची भुयारं बघा, तेच आहे.

तोफखाना: तेच नाही. कू ची मुख्यतः अमेरिकेविरुद्धच्या युद्धासाठी ओळखलं जातं.

रानवाट: ए-वन टेकडी, म्हणजे फ्रेंचांचं एक मोक्याचं ठाणं, शहरातच आहे. वर स्फोटाचा खड्डा आहे. ६ मेच्या रात्री खालून भुयार खणून जवळपास टनभर स्फोटकं उडवली होती. हळूहळू चढता येते. फ्रेंच सेनानी द कास्त्रीचा बंकर सपाटीवर, गुडघ्यांना त्रास नाही. तिथे उभं राहून चौफेर बघा, जिकडे तिकडे डोंगरच. जापचं मुख्यालय मुआंग फांगच्या जंगलात आहे, तिथे चालणं जास्त.

ठाणेकरीण: सर्वांचे आभार. बाबांना धागा वाचून दाखवला. विमान नको म्हणाले आणि रात्रीची बसही नको. वाटेतला फा दिन घाट त्यांना उजेडात बघायचाय, सायकली तिथूनच गेल्या ना. म्हणून दिवसाच्या बसने वाटेतल्या सोन ला गावी, तिथे मुक्काम, दुसऱ्या दिवशी घाट. तोफखाना काका, २६ जानेवारीबद्दल बाबांना तुमच्याशी बोलायचंय, व्यक्तिगत निरोप पाठवलाय.