ऑफिसात 'मी ख्रिस्ती' म्हणायला अकरा वर्षं लागली. भित्रेपणा की शहाणपण?

नगरी_पुणेकर
गेल्या महिन्यात नगरला आईची माती झाली. ऑफिसातले चौघे पुण्याहून गाडी करून आले. पाळकांनी शास्त्रपाठ वाचला, आम्ही मूठमूठ माती टाकली. परत निघताना एकाने हळूच विचारलं, "तू ख्रिश्चन आहेस? अकरा वर्षं शेजारी बसून डबा खातोय आपण."

आडनाव गावाकडचंच, त्यामुळे कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. खोटं बोललो नाही म्हणावं, तर तीही सोय नाही. रविवारी सकाळी फोन का लागला नाही? 'झोपलो होतो.' असायचो उपासनेत. जेवणाआधीची प्रार्थना डब्याचं झाकण काढता काढता, उघड्या डोळ्यांनी. आई बाजारात ओळखीचं माणूस दिसलं की रस्त्याच्या पलीकडून आम्हा ख्रिस्ती लोकांचा 'सलाम' घालायची. मी तिला फोनवर 'सलाम' म्हणायचो तो जिन्यात जाऊन.

येशू पकडला गेला त्या रात्री त्याच्या शिष्याने, पेत्राने, शेकोटीपाशी त्याची ओळख तीनदा नाकारली आणि कोंबडा आरवला. माझा कोंबडा फार उशिरा आरवला. मला हा भित्रेपणाच वाटतो. तुम्हाला?

वसईची_लोकल
आमच्याकडे हा प्रश्नच नाही, नावातच सगळं आलं. पण राखेच्या बुधवारी चर्चमधली सकाळची मिस्सा करून कपाळावर राख घेऊन लोकलमध्ये चढून बघा. दर वर्षी एक तरी मावशी रुमाल पुढे करते, "अगं, कपाळाला काहीतरी लागलंय." पहिल्या वर्षी मी खरंच पुसली होती. आता सांगते, "राहू दे मावशी, आज आमचा उपास सुरू झाला." मग ती तिच्या चतुर्थीचं सांगते. एवढंच असतं हो. तुम्ही उगाच डोंगर केलात.

दाखल्याचा_माणूस
लोकलमधलं धैर्य स्वस्त असतं, ताई. आमच्याकडे ते परवडत नाही. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता. १९५६ला शीख आले, १९९०ला बौद्ध. ख्रिस्ती अजून बाहेरच. आजोबा गावकुसाबाहेरचे, बाप्तिस्मा झाला म्हणून गावाने पाणवठा मोकळा केला नाही. जात तीच राहिली, सवलत तेवढी गेली. म्हणून अर्ध्या घरांत कागदावर एक आणि रविवारी एक. आणि प्रभूनेच सांगितलंय ना, खोलीत जा, दार लाव आणि गुप्तपणे प्रार्थना कर? बायबलमधलं मत्तयाचं पुस्तक, सहावा अध्याय. मग चव्हाट्यावर कशाला?

मिरजेची_सिस्टर
दादा, तो अध्याय लोकांनी बघावं म्हणून चौकात उभं राहून प्रार्थना करणाऱ्यांसाठी आहे. लोकांना दिसू नये म्हणून जिन्यात लपणाऱ्यांसाठी दहावा अध्याय वाचा: जो मला माणसांसमोर पत्करील, त्याला मी पित्यासमोर पत्करीन. कागदाचा अन्याय खरा आहे, त्यावर मी भांडणार नाही. पण धागाकर्त्याच्या पोटावर कुठे पाय येत होता? त्यांना फक्त अवघडल्यासारखं होत होतं. दोन्हींना एकच 'भीती' म्हणू नका.

रिम्मोन
बायबलमधला परदेशी सेनापती नामान आठवा. कुष्ठ बरं झालं, देव पटला, आणि लगेच अलीशा संदेष्ट्याला म्हणाला, माझा राजा आमच्या रिम्मोन दैवताच्या देवळात माझ्या हाताचा आधार घेऊन वाकेल तेव्हा मलाही वाकावं लागेल, तेवढी क्षमा असावी. अलीशा काय म्हणाला? 'शांतीने जा.' ऑफिसच्या सत्यनारायणाला रांगेत उभं राहिलं तर आभाळ कोसळत नाही.

मिरजेची_सिस्टर
आणि त्याच नामानने दोन खेचरांवर लादून इस्राएलची माती घरी नेली, तिच्यावर यज्ञ करायला. एवढी माती लपवून नेता येते का?

सदाशिव_पेठ
मी हिंदू, मधेच तोंड घालतो. माझा मित्र अकरा वर्षं असं लपवत होता कळलं तर मला राग त्याच्या धर्माचा नाही येणार. 'याला आपण असे वाटलो?' याचा येईल. मात्र 'साक्ष' म्हणत डब्याच्या टेबलावर पत्रकं वाटू नका, एवढी विनंती.

नगरी_पुणेकर
सदाशिवराव, संविधानाच्या २५व्या कलमात प्रकटीकरण, आचरण आणि प्रसार हे तीन वेगळे शब्द आहेत. मी अजून पहिल्याच शब्दाशी अडखळतोय, पत्रकं लांबच राहिली.

जुना_सभासद
कवी ना. वा. टिळकांनी १८९५ला बाप्तिस्मा घेतला आणि ख्रिस्ताला अभंगात, कीर्तनात आणलं. घरचे तुटले, पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, १९००ला त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. याला म्हणतात धैर्य.

दाखल्याचा_माणूस
दर वेळी टिळकच का? त्यांनी खूप गमावलं, मान्य. पण त्याच नगर जिल्ह्यात शेकडो महार-मांग कुटुंबं ख्रिस्ती झाली, त्यांतल्या किती जणांची नावं तुम्हाला येतात? गमवायला ज्यांच्याकडे वेठबिगारीच होती त्यांचं धैर्य मोजायला तुमच्याकडे तराजूच नाही.

जुना_सभासद
एकही नाव आलं नाही. लागलं मनाला.

नगरी_पुणेकर
काल डब्याच्या वेळी डोळे मिटले. अर्धा मिनिट असेल. कान गरम झाले होते, कुणीतरी चमचा खाली ठेवल्याचा आवाज आला. डोळे उघडले तर चौघेही हात न लावता बसलेले. मातीला आलेला तोच म्हणाला, "झालं? मग ती वांग्याची भाजी सरकव."

दाखल्याचा_माणूस
भाजी सरकली, आनंद आहे. पुढच्या मंगळवारी माझ्या भावाच्या जात पडताळणीची तारीख आहे. प्रार्थनेत आठवण ठेवा. नाव मात्र मोठ्याने घेऊ नका.