गोफासाठी आजीची लुगडी फाडू का? दोरी किती लांब ठेवायची?

पडवीतली सुई:

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय नेमका सल्ला मिळायचा नाही.

आमच्या घरातल्या बायका रिकाम्या हाताने बसत नाहीत आणि ढोलकी वाजली की बसूनच राहत नाहीत. आजी ८१ वर्षांची आहे, अजून गोधडीला धावदोरा घालते, तोही चष्मा कपाळावर सरकवून. आईच्या हातात कायम क्रोशाची सुई. मी ठिगळांचे रंग जुळवते. गणपतीत सगळे कोकणातल्या घरी जमतो आणि गौरी जागवायच्या रात्री माजघरात झिम्मा, फुगडी, पिंगा, कोंबडा पहाटेपर्यंत चालतो. चुलतभाऊ शाळेपासून लेझीम खेळतो, त्यामुळे पुरुष मंडळीही आता ओटीवर पत्ते खेळत बसत नाहीत.

गेल्या वर्षी आम्ही गोफ विणायचा ठरवला, म्हणजे वरून सोडलेल्या दोऱ्या धरून रिंगणात नाचत त्यांची वेणी विणायची आणि मग उलट फिरून ती उकलायची. आठ जण, झोपाळा काढून त्याच्या कडीला आठ साटीनच्या रिबिनी बांधल्या, प्रत्येकाच्या एका हातात रिबिनीचं टोक, दुसऱ्या हातात टिपरी. विणताना दोनेक फूट छान उतरला. पण रिबीन निसरडी, पेड धरून राहीनात, एका बाजूने गोफ फुगला. उकलायला उलट फिरलो तर कडीपासून वीतभर खाली अशी गाठ बसली की शेवटी कात्रीने कापावी लागली. मुलांना फार वाईट वाटलं.

आजी तेव्हा काहीच बोलली नाही. परवा तिने ट्रंक उघडली आणि दोन नऊवारी लुगडी माझ्या मांडीवर ठेवली, एक हिरवं, एक गुंजेच्या रंगाचं. दोन्ही सुती, धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली. म्हणाली, "ही फाड आणि दोऱ्या कर. सुताला सूत धरतं."

आईचा चेहरा उतरला. माझी धाकटी बहीण बाळंतपणाला येणार आहे, त्या बाळाच्या गोधडीसाठी आई हीच लुगडी धरून बसली होती. आजीचं म्हणणं, बाळाला दुसरंही मऊ कापड मिळेल. आई गप्प आहे, आणि ती गप्प बसली की मला काम सुचत नाही.

तर लुगडी फाडू का? फाडली तर दोरी किती लांब ठेवायची? आणि गाठ न बसता गोफ उकलायचा कसा?

टिपरी आणि ताल:

मी शाळेत मुलींचा गोफ वर्षानुवर्षं बसवला आहे. रिबीन वाईट हे खरं, पण तुमची गाठ रिबिनीमुळे बसलेली नाही असं मला वाटतं.

आठ जणांत चार उजवीकडे तोंड करून उभे राहतात, चार डावीकडे, एकाआड एक. म्हणून संख्या नेहमी समच हवी. पहिला माणूस समोर आला की तुम्ही त्याच्या बाहेरून जाता, दुसऱ्याच्या आतून, तिसऱ्याच्या बाहेरून. बाहेरच्याने दोरीचा हात उंच करायचा, आतल्याने मान खाली घालून तिच्याखालून निघायचं. आठ जणांत एका पूर्ण फेरीत प्रत्येकाला आठ वेळा कोणीतरी सामोरं येतं, म्हणजे समोरच्या चौघांपैकी प्रत्येक जण दोनदा भेटतो.

आता उकलणं. चूक इथे होते. माणसं गर्रकन वळतात आणि सवयीने पुन्हा "बाहेरून" सुरुवात करतात. ते चालत नाही. विणताना सगळ्यात शेवटी ज्याच्या आतून गेलात, वळल्यावर सगळ्यात आधी त्याच्याच आतून जायचं. बाहेरून गेला असाल तर बाहेरून. आपलीच पावलं मागे घ्यायची. ते चुकलं की गोफ उकलत नाही, जुन्यावर नवीन विणला जातो आणि ओढलं की गाठ.

माझा अनुभव असा की फेरी अर्धवट सोडून वळू नये. पूर्ण फेरी झाली, प्रत्येक जण मूळ जागी आला, की सगळ्यांनी एकदम थांबायचं. फेऱ्या मोजायला एक माणूस बाहेर बसवा, नाचणाऱ्याने मोजू नये. पाच विणल्या तर पाचच उकलायच्या. कोणाची दोरी हातून सुटली तर सगळ्यांनी जागच्या जागी उभं राहायचं, एकानेही पुढचं पाऊल टाकायचं नाही.

आणखी एक. दोऱ्या सारख्या ताणात हव्यात. एकाने जोर लावला की गोफ त्याच्याकडे ओढला जातो आणि रिंगण अंड्यासारखं होतं.

माहेरवाशीण ७४:

लुगडी फाडू नका हो. मांजरपाट आणा, रंगवा, दोऱ्या करा. आजी आज देते आहे, उद्या ती लुगडी कुठून आणाल? माझ्या आईची आम्ही अशीच वाटून टाकली, आता एकही नाही.

पटवेकऱ्याची लेक:

आमच्याकडे दागिने पटवण्याचं, म्हणजे दोऱ्यात ओवण्या-गुंफण्याचं काम होतं, करदोटे आणि रेशमी गोंडे मी लहानपणापासून बघितले. गळ्यातला सोन्याचा गोफ बघा, त्याला गोफ म्हणतात तेही पेड गुंफलेले असतात म्हणूनच. तिथे बोटं फिरतात, तुमच्याकडे माणसं फिरतात.

आजी बरोबर सांगते आहे. नवं कापड ताठ असतं, खळ असेल तर उकलताना अडकतं. जुनं सूत धरतं आणि सोडतंही. मांजरपाट घेतलाच तर पाच-सहा वेळा धुऊन घ्या.

पण हिशेब करून बघा, आईंची काळजी निम्मी होईल. नऊ वार म्हणजे २७ फूट. मधोमध दोन तुकडे केले की साडेतेरा फूट. कडी दहा फुटांवर असेल तर एवढी लांबी पुरते, कारण गोफ खाली उतरत जातो तशी हातातली दोरी कमी होत जाते. कडीच्या उंचीपेक्षा तीन-साडेतीन फूट जास्त धरायचं. आता त्या अर्ध्या तुकड्यातून तीन-तीन इंचांच्या चार पट्ट्या उभ्या धाग्यात फाडा. बारा इंच गेले. लुगड्याचा पन्हा, म्हणजे रुंदी, ४८ इंच धरला तर अख्ख्या लुगड्याचा आठवा हिस्सा गेला! उरलेल्यात बाळाची गोधडी होऊन वर दुपटं होईल.

पट्टी तीन पदरी दुमडून मधून धावदोरा घाला. तिची वेणी घालू नका, लांबी कमी होते. चौघांना हिरवी, समोरच्या चौघांना गुंजेची दिली की गोफावर चौकड्या उठतात. रंग तसेच वाटा, विणताना कोण चुकलं तेही चौकडीत लगेच दिसतं.

मांडावरचा:

गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे शिगम्यात गोफ असतो, घुमट, शामेळ आणि कांसाळे या वाद्यांच्या तालावर. ताल हळू ठेवा. पहिल्या दोन फेऱ्या नुसतं चालायचं, नाचायचं नाही, मग चढवा. उकलताना पुन्हा हळू.

ही कला तशी सगळीकडे आहे. गुजरातेत गोफ गुंथन, तमिळनाडूत पिन्नल कोलाट्टम, आंध्रात जड कोलाटम. पिन्नल म्हणजे वेणी आणि जड म्हणजेही वेणीच.

पडवीतली सुई:

सगळ्यांचे मनापासून आभार. माहेरवाशीण ताई, तुमचं वाचून दोन दिवस मी लुगड्यांना हात लावला नाही. मग पटवेकऱ्याच्या लेकीचा हिशेब आईला वाचून दाखवला. तिने टेप आणली, हिरव्याचा पन्हा मोजला, ४७ इंच भरला. "एवढंच जाणार?" म्हणाली आणि स्वतःच लुगड्याचं दुसरं टोक धरलं.

आजीने कापडाच्या कडेला दाताने खाच पाडली आणि दोघींनी ओढलं. जुनं सूत फाटताना चर्र असा एकच लांब आवाज होतो, आणि पडवीतल्या उन्हात बारीक तूस उडतं. धागा इतका सरळ गेला की कात्री लागलीच नाही. काठ आम्ही फाडला नाही, तो गोधडीच्या कडेला येणार आहे. आठ पट्ट्यांपैकी पाचांना आजीने धावदोरा घातला, तीन माझ्या. तिचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा, आणि साडेतेरा फुटांत एकही लहानमोठा नाही. माझ्या पट्ट्यांवरचे टाके तिने बोट फिरवून बघितले आणि एक उसवायला लावली. मी उसवली.

काल कडीला बांधून बघितलं. टिपरी आणि ताल, तुमचं शंभर टक्के खरं होतं. आम्ही गेल्या वर्षी वळल्यावर सवयीने पुन्हा "बाहेरून"च सुरुवात केली होती, पुतण्याला नीट आठवत होतं. या वेळी तीन फेऱ्या विणल्या, हिरव्या-गुंजेच्या चौकड्या उठल्या, थांबलो, वळलो, आणि शेवटी ज्याच्या आतून गेलो त्याच्याच आतून निघालो. तिसरी फेरी उकलली तेव्हा आठही दोऱ्या कडीपासून सरळ सुटल्या होत्या.

आठवी माणूस कोण ते सांगायचं राहिलं. वहिनी अजून आलेली नाही, आणि आम्ही सात जण एकमेकांकडे बघत उभे होतो. फेऱ्या मोजायला आजीला पाटावर बसवलं होतं. तिने पदर खोचला, मोजायचं काम शेजारच्या काकूंना दिलं आणि दोरी मागितली. नुसती चालली, ठेका आम्ही तिच्या पावलांना धरला. तिला मान वाकवावी लागू नये म्हणून बाहेरून जाणारे हात वर करून चवड्यांवर उभे राहत होते.

आता ती दोरी परत द्यायला तयार नाही. म्हणजे वहिनी आली की नऊ होतील, आणि नऊ चालायचे नाहीत. आत्याला फोन करून सांगितलं आहे, या वर्षी गौरीच्या आदल्या दिवशीच ये. आणखी दोन पट्ट्या आज फाडल्या, एक हिरवी आणि एक गुंजेची.